क्रेडिट कार्ड बंद करायचंय? आधी क्रम नीट लावा

मे संपत आला, आंब्याचे पैसे खात्यावर आले, की माझ्याकडे दरवर्षी एकच वाक्य ऐकू येतं: "ते कार्ड एकदा बंद करून टाकतो, कटकट नको." मी चिपळुणात लोकांच्या कर्जाच्या फायली जमवून देतो. त्यामुळे त्याच माणसाची पुढची फेरीही मलाच बघावी लागते. तीन-चार महिन्यांनी घर दुरुस्तीसाठी नाहीतर होमस्टेच्या दोन खोल्या वाढवायला कर्ज हवं असतं, आणि सिबिल, म्हणजे परतफेडीच्या नोंदीवरून मिळणारा स्कोअर, घसरलेलं असतं. "मी तर कार्ड बंद केलं होतं, मग हे कसं?"

कार्ड रीतसर बंद केल्यानं बसणारा फटका बहुतेक वेळा थोडाच असतो, आणि तो आधीच मोजता येतो. खरं नुकसान करतं ते अर्धवट बंद केलेलं कार्ड. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं करा. पाचवी आधी आणि दुसरी नंतर केली तर उपयोग नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच. गावात "क्रेडिट कार्ड" म्हटलं की निम्मे लोक किसान क्रेडिट कार्ड समजतात. ते पीककर्ज आहे, त्याचे नियम वेगळे. इथं बोलतोय ते दुकानात, पंपावर, मोबाइलवर चालणाऱ्या बँकेच्या कार्डाबद्दल.

## १. आधी अहवाल काढा

देशात पतमाहिती (कुणी किती कर्ज घेतलं, कसं फेडलं याची नोंद) ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीनं वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. तो थेट त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून काढा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही. ही भीती इतकी पसरली आहे की लोक वर्षानुवर्षं अहवाल उघडतच नाहीत.

चारही काढायची गरज नाही. सिबिलचा आणि आणखी एक पुरे. नुसता स्कोअरचा आकडा बघून मिटू नका, खात्यांची यादी वाचा आणि प्रत्येक कार्डासमोरच्या चार गोष्टी वहीत उतरवा: खातं उघडल्याची तारीख, मंजूर लिमिट, सध्याची येणे रक्कम (बँकेला तुमच्याकडून यायचे असलेले पैसे) आणि थकीत दिवसांचा रकाना.

तपासा: यादीत तुम्हाला आठवतही नसलेलं कार्ड आहे का? मुंबईत नोकरीला असताना मॉलमध्ये किंवा स्टेशनबाहेरच्या टेबलावर सही करून घेतलेलं कार्ड गावी परतलेल्या चाकरमान्यांच्या अहवालात हमखास सापडतं. आधी त्याचा छडा लावा.

## २. लिमिटचं गणित मांडा

ही पायरी लोक सर्रास वगळतात, आणि फटका नेमका इथूनच बसतो.

तुमच्या सगळ्या कार्डांची मिळून जी मर्यादा आहे, तिच्यातली किती टक्के वापरात आहे, हे स्कोअर ठरवताना पाहिलं जातं. बँकवाले आणि सल्लागार साधारण ३० टक्क्यांच्या आत राहा असं सांगतात. त्या आकड्याला कायद्याचा आधार नाही, पण ठोकताळा म्हणून चांगला आहे. कार्ड बंद झालं की त्याचं लिमिट बेरजेतून जातं. तुमचा खर्च एक रुपयानंही वाढलेला नसताना टक्केवारी वर चढते.

समजा देवगडच्या एका बागायतदाराकडे तीन कार्डं आहेत. पहिल्याचं लिमिट दीड लाख, दुसऱ्याचं ९० हजार, तिसऱ्याचं ६० हजार. एकूण ३ लाख. फवारणीची औषधं, डिझेल, पेट्या असं मिळून येणं ७५ हजार, म्हणजे २५ टक्के. ठीक चाललंय.

आता त्यानं कधीच न वापरलेलं दीड लाखाचं कार्ड बंद केलं. मर्यादा उरली दीड लाख, येणं तेच ७५ हजार. वापर थेट ५० टक्के.

त्याऐवजी ६० हजारांचं बंद केलं असतं, तर मर्यादा २ लाख ४० हजार आणि वापर ३१ टक्क्यांच्या जरा वर. आधी १५ हजार भरून मग ते बंद केलं असतं, तर पुन्हा २५ टक्केच.

"वापरत नाही तेच बंद करतो" हे शहाणपणाचं वाटतं. पण न वापरलेलं मोठ्या लिमिटचं कार्ड बाकीच्या कार्डांचा भार हलका ठेवत असतं.

एक अपवाद आहे. एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर पुष्कळदा दोन्हींना मिळून एकच लिमिट असतं. तिथं एक बंद केल्यानं एकूण मर्यादा फारशी हलत नाही. बँकेला फोन करून "लिमिट सामायिक आहे का?" एवढंच विचारा आणि मग गणित करा.

तपासा: कार्ड गेल्यावरची टक्केवारी कागदावर लिहा. ३० च्या वर जात असेल तर आधी येणं कमी करा, मग पुढं सरका.

## ३. कुठलं ठेवायचं, कुठलं सोडायचं

सगळ्यात जुनं कार्ड ठेवा. तुमच्या उधारीच्या इतिहासाची लांबीही स्कोअरमध्ये धरली जाते. बंद केलेलं खातं अहवालातून त्याच दिवशी पुसलं जात नाही, ते "बंद" अशा शेऱ्यासह वर्षानुवर्षं दिसत राहतं. म्हणून जुनं कार्ड बंद केल्यावर दुसऱ्या महिन्यात आकाश कोसळणार नाही. तरी दोन कार्डांत निवड करायचीच असेल, तर नवं सोडा.

एकच कार्ड असेल आणि दुसरं कुठलंही कर्ज चालू नसेल, तर माझा सल्ला सरळ आहे: बंद करू नका. अहवालात चालू खातंच उरलं नाही, तर पुढच्या बँकेला तुमची परतफेड बघायला ताजं काहीच मिळत नाही.

वार्षिक फी एवढंच कारण असेल, तर बँकेला "बिनफीच्या कार्डात बदलून द्या" असं सांगून बघा. नव्या कार्डासाठी नवा अर्ज होणार की जुनंच खातं पुढं चालणार, हे विचारून घ्या. जुनं खातं चालू राहिलं तर लिमिटही टिकतं आणि तारीखही.

बंद करण्यालायक कार्डं म्हणजे फी जबर असलेली, लिमिट छोटं असलेली, किंवा ज्यांच्यामुळे तुमचा हात सैल सुटतो ती. या शेवटच्या कारणासाठी स्कोअरचे दहा-वीस गुण गेले तरी जाऊ द्या. बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. स्कोअर पुन्हा चढेल, व्याजात गेलेले पैसे परत येत नाहीत.

## ४. वेळ निवडा

पुढच्या सहा महिन्यांत कर्ज काढायचं असेल, तर कुठलंही कार्ड बंद करू नका. कर्ज मंजूर होऊन रक्कम हातात येऊ दे, मग बघू.

आपल्याकडचं उत्पन्न महिन्याच्या एक तारखेला येणारं नाही, याचाही हिशोब ठेवा. बागायतदाराचा खर्च पालवी-मोहोराच्या फवारण्यांपासून सुरू होतो आणि पैसा येतो मार्च ते मे. त्याचं कार्ड हिवाळ्यात फुगलेलं असतं, जूनमध्ये रिकामं. बंद करायचं तर जूनच बरा. ट्रॉलरवाल्याचं उलट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, घरखर्च कार्डावर चढतो, तेव्हा त्यानं मे महिन्यातच उरकावं, नाहीतर हंगाम सुरू होऊन महिना-दीड महिना गेल्यावर. तारकर्ली-मालवणकडचे होमस्टेवाले दिवाळी आणि मेच्या सुट्ट्या आटोपल्यावर. आणि गणपतीच्या आधी महिनाभर कुणीच नको, त्या महिन्यात कुणाचं कार्ड रिकामं राहिलेलं मी पाहिलेलं नाही.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना पतमाहिती किमान दर पंधरवड्याला कळवणं बंधनकारक झालं. त्यामुळे फुगलेला आकडा आता लवकर दिसतो, आणि भरलेला पैसाही लवकर दिसतो.

## ५. कार्ड खरोखर रिकामं करा

इथं घाई करू नका. या पायरीला एक पूर्ण बिलचक्र लागतं.

काही वर्षांपूर्वी मी स्वतःच इथं आपटलो. एका बँकेचं कार्ड होतं. बिल पूर्ण भरलं, फोनवरच्या माणसाला "बंद करा" म्हटलं, तो "हो सर" म्हणाला, मी कात्रीनं कार्डाचे दोन तुकडे केले. विषय संपला असं समजलो. एका ॲपची वर्षाची वर्गणी त्या कार्डाला जोडलेली होती, ती ३४९ रुपयांना आपोआप कापली गेली. बिल ईमेलवर येत राहिलं, मी उघडलं नाही, कारण कार्ड तर "बंद" होतं. पावसाआधी शाकारणी आणि मागच्या पडवीच्या जांभ्याच्या भिंतीसाठी कर्जाचा अर्ज केला, तेव्हा कळलं की माझ्या अहवालात दोन महिने थकबाकी दिसतेय. ३४९ चं उशिराच्या दंडासकट आणि व्याजासकट हजाराच्या पलीकडे गेलं होतं. पैसे भरायला दहा मिनिटं लागली. नोंद सरळ व्हायला पाच आठवडे. तोवर मिरग आला आणि पडवीवर ताडपत्री टाकावी लागली. लोकांच्या फायली करणाऱ्या माणसाची ही कथा.

तेव्हा हे सगळं एकेक करून खोडत जा.

आपोआप कापले जाणारे पैसे. वीजबिल, मोबाइल, विमा, सिनेमाचे ॲप, मुलाच्या क्लासची फी. गेल्या बारा महिन्यांची बिलं उघडून बघा, कारण वार्षिक वर्गण्या तीन महिन्यांच्या बिलात दिसत नाहीत. प्रत्येक वर्गणी दुसऱ्या कार्डावर किंवा खात्यावर हलवा. बँकेच्या ॲपमध्ये चालू मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची, यादी मिळते, तीही रिकामी करा. फास्टॅग त्या कार्डावरून आपोआप भरला जात असेल तर तोही.

यूपीआय. रुपे क्रेडिट कार्ड फोनमधल्या यूपीआय ॲपला जोडलेलं असेल, तर तिथून काढून टाका. बाजारात म्हावरं घेताना चुकून त्याच कार्डावरून ऐंशी रुपये गेले, की तुमचं "शून्य" संपलं.

चालू हप्ते. फ्रीज, मोबाइल, बोटीचं इंजिन, जे काही हप्त्यावर घेतलं असेल ते बघा. कार्ड बंद करताना उरलेले हप्ते बहुधा एकरकमी मागितले जातात, मुदतपूर्व फेडीचा आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. तीन-चार हप्तेच उरले असतील तर संपू द्या, मग बंद करा.

बक्षीस गुण. कार्ड बंद झालं की साधारणपणे गुण जातात. आधी वापरून टाका.

घरच्यांची जोडकार्डं. मुख्य कार्ड गेलं की बायकोच्या किंवा मुलाच्या हातातलं जोडकार्डही जातं. मुलगा पुण्यात शिकत असेल आणि मेसचे पैसे त्या कार्डावरून भरत असेल, तर त्याला आधी सांगा.

मागून येणारं व्याज. हे कुणी सांगत नाही. आधीच्या महिन्याचं येणं पूर्ण न भरता पुढं ढकललेलं असेल, तर व्याज रोजच्या रोज चालू असतं. ५ तारखेच्या बिलातली पूर्ण रक्कम तुम्ही २० ला भरली, तरी त्या पंधरा दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. शंभर-दोनशे रुपये असतात, आणि तेच थकीत राहतात. म्हणून पूर्ण भरल्यावर आणखी एक बिल येऊ द्या. ते खरंच शून्याचं आलं, की मगच पुढची पायरी.

सावधान: "मिनिमम ड्यू" (बिलावर लिहिलेली किमान रक्कम) भरणं म्हणजे बिल भरणं नव्हे. त्यानं उशिराचा दंड टळतो, व्याज चालूच राहतं.

सावधान: थकलेलं येणं बँक "थोडं कमी घेऊन मिटवतो" म्हणाली, तर अहवालात शेरा पडतो "सेटल्ड". "क्लोज्ड" आणि "सेटल्ड" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढचा कर्ज देणारा "सेटल्ड" वाचतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच लावतो, की या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत. जमत असेल तर पूर्ण भरा.

## ६. लेखी अर्ज करा

त्याआधी एक काम: बँकेकडे नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे ना ते बघा. मुंबई सोडून गावी आलेल्यांचा जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडलेला असतो आणि ओटीपी त्यावरच जातो. शिवाय पावसात लाइट गेली की आमच्या वाडीत टॉवरही मान टाकतो. ओटीपीचं काम तालुक्याच्या गावी, सकाळच्या वेळात उरका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेनं कार्ड बंद करण्यासाठी हेल्पलाइन, वेगळा ईमेल, संकेतस्थळावरची ठळक लिंक, नेटबँकिंग, ॲप असे मार्ग द्यायचे आहेत. "पोस्टानंच अर्ज पाठवा" असा आग्रह बँकेला धरता येत नाही. फोनवर बोललात तरी त्याच दिवशी ईमेल टाका. मजकूर चार ओळींचा पुरे:

"माझ्या नावावरचं, शेवटचे चार अंक अमुक असलेलं क्रेडिट कार्ड खातं कायमचं बंद करावं. खात्यावर आज काहीही येणं नाही. जमा शिल्लक असल्यास माझ्या अमुक बँक खात्यात वर्ग करावी. खातं बंद केल्याचं पत्र आणि नो ड्यूज सर्टिफिकेट ईमेलनं पाठवावं आणि पतमाहिती कंपन्यांना कळवावं."

फोनवर तुम्हाला थांबवायचा प्रयत्न होईल. फी माफ, लिमिट दुप्पट, व्हाउचर. फी हेच कारण असेल आणि ती कायमची माफ होत असेल, तर थांबायला हरकत नाही, मात्र ते लेखी मागा. नाहीतर "नको, बंदच करा" आणि तक्रार क्रमांक घ्या.

सावधान: ॲपमधलं "ब्लॉक" बटण म्हणजे बंद नव्हे. ब्लॉक केलेल्या कार्डाचं खातं चालू असतं, त्यावर वार्षिक फीही लागते. कापून टाकलेल्या कार्डाचंही तेच. "कार्ड कापून टाकलंय, आता काय रवला?" असं विचारणाऱ्यांना मी माझी ३४९ ची गोष्ट सांगतो.

## ७. सात दिवस मोजा

येणं काही नसेल तर बँकेनं सात कामकाजी दिवसांत खातं बंद करून लगेच ईमेल-एसएमएसनं कळवायचं असतं. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेनं तुम्हाला देणं लागतं. पण ही भरपाई येणं शून्य असेल तरच. पाचव्या पायरीवर एवढा वेळ का घालवला, ते इथं कळतं.

मुदत ठेवीवर घेतलेलं कार्ड असेल, तर ठेवीवरचा बोजा उतरवल्याचं वेगळं लेखी मागा. कार्ड बंद झालं आणि ठेव अडकूनच राहिली, हे होतं.

पत्र हातात आलं की कार्डाची चिप आणि मागची काळी पट्टी कापा.

उलट बाजूही लक्षात ठेवा: वर्षभराहून जास्त न वापरलेलं कार्ड बँक स्वतः बंद करू शकते. आधी तुम्हाला कळवते आणि ३० दिवस उत्तराची वाट बघते. तो संदेश जाहिरात समजून पुसलात, तर दुसऱ्या पायरीतलं सगळं गणित तुमच्या नकळत बिघडतं. ठेवायचं ठरवलेलं कार्ड दोन-तीन महिन्यांतून एकदा वापरा, पेट्रोलला किंवा वाण्याकडे, आणि पूर्ण भरून टाका.

## ८. अहवालात नोंद पडली का बघा

पत्र मिळाल्यापासून साधारण दीड महिन्यानं अहवाल पुन्हा काढा. पहिल्या पायरीत त्याच कंपनीचा मोफत अहवाल वापरला असेल, तर थोडे पैसे पडतील किंवा दुसऱ्या कंपनीचा बघा. त्या कार्डासमोर बंद झाल्याची तारीख हवी, येणे रक्कम शून्य हवी, थकीत रक्कम शून्य हवी, आणि "सेटल्ड" किंवा "राइट ऑफ" (बुडीत धरलेलं) असा शेरा कुठंही नको.

खातं अजून "चालू" दिसत असेल, तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा, सोबत बंद केल्याचं पत्र जोडा, आणि तोच मजकूर बँकेलाही पाठवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

स्कोअर थोडा घसरलेला दिसला तर घाबरून नवीन कार्डासाठी अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते, आणि लागोपाठ तीन-चार चौकश्या दिसल्या की तुम्हाला पैशाची निकड आहे असाच अर्थ निघतो. उरलेल्या कार्डांचं येणं खाली आणा, बिलं वेळेवर भरा. देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच बँक खातं थकीत म्हणून कळवू शकते, पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नका. सर्व्हर बंद, नेट नाही, आणि सुट्टी, असे तीन दिवस सहज जातात.

बंद केल्याचं पत्र, नो ड्यूज सर्टिफिकेट आणि शून्याचं शेवटचं बिल, तिन्हींची छापील प्रत काढा आणि सातबारा-घरपट्टीच्या फायलीत लावा. पतमाहिती कंपन्या नोंदी किमान सात वर्षं ठेवतात. तेवढी वर्षं ते कागदही ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नाहीतर श्रावणापर्यंत बुरशी धरते.